ढगांआडचें शेत आणि यंत्राची परीक्षा

नदीला महापूर येतो तेव्हां आकाश मोकळें नसतें, आणि आकाश मोकळें होतें तेव्हां पूर बहुधा ओसरूं लागलेला असतो. उपग्रहावरून पृथ्वीचीं छायाचित्रें घेण्याची विद्या मनुष्यास साध्य झाल्यावरहि या एका गोष्टीपुढें ती विद्या बरेच दिवस हतबल होती. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांनीं सांगली-कोल्हापूरकडील मुलूख पाण्याखालीं घातला, त्या वेळीं साध्या कॅमेऱ्यानें वरून पाहिलें असतें तर ढगांची पांढरी पाठ तेवढी दिसली असती. तरीहि पूर असतांनाच पुराचे नकाशे निघाले. ते रडारच्या चित्रांवरून काढलेले होते.

हीं चित्रें वाचण्याचें काम पूर्वीं जाणत्या माणसाच्या डोळ्यांकडे असे. हल्लीं तें अधिकाधिक यंत्राकडे सोंपविलें जात आहे. कोणता तुकडा पाण्याखालीं, कोणत्या तुकड्यांत भात, कोठें ऊस, कोठें वस्ती, अशी जमिनीची वर्गवारी गणकयंत्र करतें, आणि तशी करण्यास तें उदाहरणांवरून शिकतें. या शिकण्यास ‘मशीन लर्निंग’ असें म्हणतात. आपण यंत्रशिक्षण म्हणूं. आपल्यांपैकीं पुष्कळांची थोडीबहुत शेती अजून गांवीं आहे, आणि ज्यांची नाहीं त्यांच्याहि ताटांतला भात कोणाच्या तरी शेतांतूनच येतो. तेव्हां त्या शेताबद्दल निकाल देणारें हें यंत्र कोणत्या पाठशाळेंत शिकलें आणि त्याची परीक्षा कोणी कशी घेतली, ही चौकशी गृहस्थाश्रमी माणसानें करावयास हरकत नाहीं.

प्रथम चित्राविषयीं. कॅमेरा हा सूर्याचा आश्रित. रात्र झाली कीं तो निरुपयोगी. रडार आपला दिवा आपणच बरोबर बाळगतें. युरोपीय अवकाशसंस्थेच्या ‘सेंटिनेल-१’ मालिकेंतील पहिला उपग्रह ३ एप्रिल २०१४ रोजीं सोडण्यांत आला. सुमारें ६९३ किलोमीटर उंचीवरून तो तिरक्या दिशेनें खालीं रेडिओलहरी सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनि टिपून घेतो. या लहरीची लांबी सुमारें साडेपांच सेंटीमीटर असल्यामुळें ढगांतील सूक्ष्म जलकण तिच्या वाटेंत येतच नाहींत. आपल्या देशाचा ‘रिसॅट-१’ हा उपग्रह २६ एप्रिल २०१२ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच जातीच्या लहरी वापरणारा ‘ईओएस-०४’ हा १४ फेब्रुवारी २०२२ रोजीं. इतक्या उंचीवरून बारीक तपशील दिसावयाचा तर कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना लागली असती. ती अडचण उपग्रहाच्या वाटचालींत ठिकठिकाणीं टिपलेले प्रतिध्वनि गणितानें एकत्र जुळवून दूर करतात. ही युक्ति अमेरिकेंत कार्ल वायली यांस १९५१ सालीं सुचली. तिचें गणित सुंदर आहे, परंतु आजच्या विषयास तें अवश्य नाहीं.

अवश्य आहे तें हें कीं, रडारच्या चित्रांत रंग नसतो. हिरवें शेत हिरवें दिसत नाहीं. किती प्रतिध्वनि परत आला तेवढेंच कळतें. अधिक आला तर ठिकाण उजळ, कमी आला तर काळसर. संथ पाणी आरशाप्रमाणें लहरीला पलीकडे परतवून लावतें. उपग्रहाकडे कांहींच येत नाहीं, म्हणून तें काळें. नांगरलेली ढेकळांची जमीन लहर चहूंकडे विखुरते, म्हणून ती करडी; आणि घराच्या भिंतीपाशीं लहर आधीं जमिनीवर व मग भिंतीवर आपटून आल्या वाटेनें माघारी जाते, म्हणून गांव लखलखीत दिसतें.

ज्यांनीं न्यायशास्त्राचा थोडाबहुत अभ्यास केला असेल त्यांस येथें धूर आणि अग्नि यांची जोडी आठवल्यावांचून राहणार नाहीं. जेथें धूर तेथें अग्नि, हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर, हें खरें नव्हे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो आणि धूर नसतो. त्याचप्रमाणें संथ पाणी असेल तेथें चित्र काळें येईल. परंतु चित्र काळें आलें एवढ्यावरून तेथें पाणीच आहे असें अनुमान करतां येत नाहीं. विमानतळाची धांवपट्टी काळी दिसते, कोरड्या वाळूचें मैदान काळें दिसतें, आणि डोंगराआड जेथें लहर पोंचलीच नाहीं ती छायाहि काळी. आमच्या नैयायिकांनीं ज्यास सव्यभिचार हेतु म्हटलें तो हाच. वर ‘संथ’ हें विशेषण मीं बुद्ध्या योजिलें आहे. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या कीं तेंच पाणी उजळ होतें. आणि पुरांत उभ्या असलेल्या विरळ झाडांच्या बुंध्यांवरून लहर दुहेरी आपटून परतली म्हणजे बुडालेली जमीन कोरड्या जमिनीपेक्षांहि अधिक उजळ दिसूं शकते! एकाच काळेपणावरून निकाल देणाऱ्याची अशी दोन्हीकडून फसगत होते. यास्तव एका लक्षणावर न थांबतां अनेक लक्षणें एकत्र तोलणारा परीक्षक पाहिजे झाला, आणि यंत्रशिक्षणाचा प्रवेश येथें होतो.

तत्पूर्वीं आणखी एक विघ्न सांगितलें पाहिजे. एकाच शेतांत एकच पीक अगदी सारखें उभें असलें तरी रडारच्या चित्रांत तें तिलतंडुल-न्यायानें, म्हणजे तीळ आणि तांदूळ एकत्र सांडावे तसें, काळ्या-पांढऱ्या कणांनीं मिश्रित दिसतें. यास ‘स्पेकल्’ म्हणतात. एकेका चित्रकणाच्या पोटांत शेंकडों पानें, दांडे, ढेकळें असतात. प्रत्येकाचा प्रतिध्वनि वेगळ्या क्षणीं पोंचतो. कोठें ते एकमेकांस साहाय्य करतात, कोठें एकमेकांस मारतात. म्हणून शेजारशेजारच्या कणांची सरासरी घेऊन चित्र निवळून घ्यावें लागतें. जोंग-सेन ली यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेली निवळण्याची रीत अजूनहि प्रचारांत आहे. पण निवळतांना बारीक बांध पुसले जातात. सेंटिनेलच्या नेहमींच्या चित्रांतील कण दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा जागेचा असतो, आणि आपला गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. तेव्हां एक कण म्हणजे स्थूलमानानें एक गुंठा झाला! चाळीस गुंठ्यांच्या एका एकराचे चाळीस कण; त्यांतले कडेचे अर्धे-अधिक शेजाऱ्याच्या शेताशीं मिसळलेले; वर निवळण्यानें आणखी मिसळलेले. वांटण्या होऊन आठ-दहा गुंठ्यांवर आलेल्या शेताचें स्वतःचें असें त्या चित्रांत किती उरतें, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

आतां यंत्र शिकतें कसें? त्याला नियम सांगत नाहींत, उदाहरणें दाखवितात. हे इतके कण भाताच्या शेतांतले, हे उसाचे, हे पाण्याचे, हे वस्तीचे, अशी खूण करून दिलेली यादी त्याच्यापुढें ठेवतात आणि त्यावरून नियम त्यानेंच शोधावयाचा असतो. लहान मूल कावळा आणि कोकीळ यांतला भेद व्याख्या पाठ करून शिकत नाहीं. आई बोट दाखविते आणि मूल शिकतें. रीत जुनीच आहे.

या शास्त्राच्या पायांत एक दगड आपल्या देशाचा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनांचा अभ्यास करतां करतां दोन समूहांतील अंतर मोजण्याचा प्रश्न हातीं घेतला आणि १९३६ सालीं त्याचें सामान्य सूत्र प्रसिद्ध केलें. त्याचें मर्म असें: एखाद्या वर्गांतील व्यक्ति ज्या गुणांत मूळचींच फार वेगवेगळी असतात, त्या गुणांतील फरकास कमी महत्त्व द्यावें, ज्यांत सर्व एकसारखीं असतात, त्यांतील थोड्याहि फरकास अधिक द्यावें. गणितांत वर्गाचे गुण दहापासून शंभरापर्यंत पसरलेले असतील तर दहा गुणांची तफावत क्षुल्लक. शुद्धलेखनांत सर्वांस ऐंशी-ब्याऐंशीच असतील तर तीच तफावत लक्षणीय. नवा कण कोणत्या वर्गाच्या सर्वांत जवळ आहे हें या मापानें मोजून त्यास त्या वर्गांत घालणें, ही पद्धत उपग्रहचित्रांच्या वर्गवारींत अद्याप शिकवली जाते. याच महालनोबीसांनीं पुढें बंगालमध्यें तागाच्या पिकाची नमुना-पाहणी केली, म्हणजे शेतांत माणसें पाठवून कोठें काय पेरलें आहे हें पाहून घेतलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरच्या पद्धतींपैकीं अमेरिकेंतील लिओ ब्रायमन यांची २००१ सालची ‘रँडम फॉरेस्ट’ ही फार लोकप्रिय झाली. हिच्यांत शेंकडों लहान परीक्षक असतात. प्रत्येकाला उदाहरणांचा निरनिराळा वांटा दाखवितात, प्रत्येक जण आपलें मत देतो, आणि बहुमतानें निकाल लागतो, गांवच्या पंचांसारखें. मेंदूंतील पेशींच्या जाळ्याची कल्पना घेऊन रचलेल्या पद्धती याहूनहि पुढें गेल्या आहेत. जर्मनींतील फ्रायबुर्ग विद्यापीठांत २०१५ सालीं सूक्ष्मदर्शकांतून दिसणाऱ्या पेशींच्या सीमा ओळखण्यासाठीं ‘यू-नेट’ नांवाची एक रचना निघाली; तीच आज पुराच्या पाण्याची सीमा ओळखण्यास वापरतात. अशी यंत्रें एकट्या कणाकडे न पाहतां आजूबाजूचा आकारहि पाहतात, हा त्यांचा विशेष.

भाताचें उदाहरण या विद्येच्या सामर्थ्याचें आहे, म्हणून तें सांगितलेंच पाहिजे. एका दिवसाच्या चित्रांत भात आणि दुसरें पीक यांत गोंधळ होईल. पण तेंच शेत दर बारा दिवसांनीं पाहत गेलें तर? चिखलणीच्या वेळीं खाचर पाण्यानें भरलेलें असतें, म्हणून काळें. लावणीनंतर रोप फुटवे धरूं लागतें, तसतसें तें करडें आणि पुढें उजळ होत जातें. लोंबी बाहेर पडण्याच्या सुमारास हा चढ थांबतो. काळ्यापासून उजळापर्यंत दोन-अडीच महिन्यांचा एवढा मोठा चढ आपल्याकडील खरिपाच्या दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या पिकाचा नाहीं. येथें वस्तूच्या रूपावरून नव्हे, तर तिच्या चरित्रावरून ओळख पटते. यंत्र ही ओळख उत्तम शिकतें, आणि ऐन पावसाळ्यांत, ढगांखालीं, कोंकणापासून भंडारा-गोंदियापर्यंतच्या भातखाचरांस ती लागू पडते. या यशाबद्दल संशोधकांची करावी तेवढी प्रशंसा थोडीच आहे.

मात्र यश मोजण्याच्या रीतीकडे अध्यापकाच्या दृष्टीनें पाहिलें तर मन साशंक होतें. जीं उदाहरणें वर्गांत फळ्यावर सोडवून दाखविलीं तींच परीक्षेंत घातलीं तर शेंकडा नव्वद मुलें उत्तीर्ण होतात, आणि मुलांना गणित आलें कीं नाहीं हें कोणासच कळत नाहीं. या शास्त्रांत असें होतें काय? होतें. हॉलंडमध्यें समुद्र हटवून तयार केलेला फ्लेवोलँड नांवाचा प्रांत आहे. १९८९ च्या ऑगस्टांत अमेरिकन विमानावरील रडारनें त्याचें चित्र घेतलें. तें उपग्रहाचें नसलें तरी नव्या पद्धतींची कसोटी पाहण्यास आजतागायत सर्वत्र वापरतात. तेथील शेतें मोठीं, सरळ रेषांचीं, एकेका पिकाचीं. पुष्कळ निबंधांत रीत अशी दिसते कीं, त्याच चित्रांतले कांहीं कण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें उचलून यंत्रास शिकवावयाचें, आणि उरलेल्या कणांवर परीक्षा घ्यावयाची. म्हणजे ज्या बटाट्याच्या शेतांतील एक कण शिकविला, त्याच शेतांतील त्याचा जुळा भाऊ परीक्षेंत! मग शेंकडा नव्याण्णवांहून अधिक गुण पडले तर नवल तें काय? इतके गुण घेतलेला हा विद्यार्थी फ्लेवोलँडांतून उठून आपल्याकडील आठ गुंठ्यांच्या, बांधावर तूर आणि मधें भुईमूग असलेल्या शेतांत आणून उभा केला तर काय करील, याचें उत्तर त्या गुणपत्रिकेंत नाहीं.

अलीकडे याचा विचार होऊं लागला आहे. २०२० सालीं ‘सेन-वन-फ्लड्स-इलेव्हन’ या नांवानें जगांतील अकरा पुरांचीं रडारचित्रें संशोधकांसाठीं एकत्र प्रसिद्ध झालीं. त्यांत भारतांतील एक पूर आहे. एकूण ४,८३१ चौकोनी तुकडे. पैकीं मनुष्यांनीं हातानें रेखून खूण केलेले अवघे ४४६, बाकीच्यांवरील खुणाहि यंत्राच्याच. संपादकांनीं एक गोष्ट मात्र फार उचित केली. बोलिव्हियाचा पूर शिकवणींतून सर्वस्वीं वगळून परीक्षेसाठीं वेगळा राखून ठेवला. न पाहिलेल्या देशांतला, न पाहिलेला पूर. परीक्षा म्हणतात ती ही.

गुण मोजण्यांतहि एक खुबी आहे. समजा, एका जिल्ह्याच्या चित्रांत शंभरांपैकीं पांच कण पाण्याखालीं आहेत. एखादें यंत्र डोळे मिटून सर्वांस ‘कोरडें’ म्हणत सुटलें तरी त्यास पंचाण्णव गुण मिळतील, आणि बुडालेल्यांपैकीं एकहि शेत त्यानें ओळखलेलें नसेल. म्हणून एकूण गुण न विचारतां दोन प्रश्न विचारावे: खरोखर बुडालेल्यांपैकीं किती सांपडलीं? आणि ‘बुडालें’ म्हटलेल्यांपैकीं खरोखर किती बुडालीं होतीं? हे दोन आंकडे न देतां कोणी एकच मोठा आंकडा पुढें करील तर त्याकडे, माझ्या मतें, फारसें लक्ष देऊं नये.

हा सारा खटाटोप केवळ विद्वानांचा असता तर मीं वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत महात्माजींनीं सत्याग्रह केला तो कशावरून? पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या सालचा सारा तहकूब व्हावा असा नियम होता. सरकारी अंमलदार म्हणत पीक चार आण्यांहून अधिक आहे. शेतकरी म्हणत कमी आहे. वाद आणेवारीचा होता, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्याचा होता, आणि निःपक्ष चौकशी व्हावी अशी मागणी होती. आणेवारीची पुढें पैसेवारी झाली. आतां पीकविम्यांत २०२३ च्या खरिपापासून भात व गहूं यांच्या उत्पन्नाच्या आंकड्यांत उपग्रहादि साधनांवरून केलेल्या अंदाजास किमान शेंकडा तीस भार दिला जाऊं लागला. उरलेला भार प्रत्यक्ष पीक-कापणी प्रयोगांचा. यंत्राला पक्षपात ठाऊक नाहीं, लांच ठाऊक नाहीं, हें मला मान्य आहे, आणि तो लहान लाभ नव्हे. परंतु खेड्यांतला वाद झाला तेव्हां शेत दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर होतें. कुळाला अंमलदारास बांधावर नेऊन ‘हें पाहा’ असें म्हणतां येत होतें. यंत्राच्या निकालांत तें शेत चाळीस कणांच्या रूपानें असतें, आणि तें रूप शेतकऱ्यानें कधीं पाहिलेलें नसतें.

शिवाय यंत्राच्या चुका सर्वांच्या वांट्यास सारख्या येत नाहींत. मोठ्या शेताचा मधला भाग तें बहुधा बरोबर ओळखतें. चुका सांचतात त्या बांधाच्या कडेला, मिश्र पिकांत, डोंगराच्या छायेंत, आठ-दहा गुंठ्यांच्या तुकड्यांत. शंभरांत दहा चुका म्हणजे प्रत्येकाचें दहावा हिस्सा नुकसान असें नव्हे. नव्वदांचें कांहींच नाहीं आणि दहांचें सर्वस्व, असेंहि असूं शकतें. आणि ते दहा कोण, हें आधींच सांगतां येण्यासारखें आहे.

सांगली-कोल्हापूरच्या पुराचेंच पाहा. तो मुलूख उसाचा. पुरुषभर उंचीचा दाट ऊस उभा असेल आणि त्याच्या बुडाशीं कमरभर पाणी असेल, तरी साडेपांच सेंटीमीटरची लहर वरच्या पाल्यांतच अडकते; खालचें पाणी तिला दिसत नाहीं. चित्रांत तो ऊस कोरड्यांतल्या उसासारखाच राहतो. ज्याचें मोकळें शेत बुडालें त्याची नोंद होते. ज्याचा ऊस मुळाशीं कुजत आहे तो ‘सुरक्षित’ ठरण्याचा संभव राहतो. यंत्रास ‘मला ठाऊक नाहीं’ असें उत्तर देण्याची मोकळीक न दिल्यास तें कोणता तरी एक वर्ग निवडतेंच. म्हणून नकाशांत ‘अनिश्चित’ असा निराळा रंग असावा, आणि ज्या शेतांवर तो रंग पडेल तेथें माणूस गेला पाहिजे असा दंडक असावा.

३० जुलै २०२५ रोजीं भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त ‘निसार’ उपग्रह श्रीहरिकोट्याहून निघाला. त्याच्या अँटेनेचा व्यास १२ मीटर आहे, आणि त्याच्या दोन लहरींपैकीं एक २४ सेंटीमीटर लांबीची आहे. लांब लहर पाल्यांतून अधिक खोल जाते. उसाच्या बुडाशीं सांचलेल्या पाण्याची खूण तिला लागण्याचा संभव साडेपांच सेंटीमीटरच्या लहरीपेक्षां पुष्कळ अधिक. पण ती खूण ओळखण्यास यंत्रास शिकवावयाचें तर कोणत्या दिवशीं, कोणत्या गटांतील उसांत, किती पाणी होतें हें लिहून ठेवलेलीं उदाहरणें हवींत. तीं पुढच्या पुरांत, होडींत बसून, कोणी तरी गोळा करावयाचीं आहेत.